मोडेमचं बटण कोणाच्या हातात?

सकाळी ८.१०

वनाजहून जिल्हा न्यायालय, तिथे गाडी बदलून नाशिक फाटा. मेट्रोत मी मेल उघडत नाही. दिवसातला सगळ्यात चिवट प्रश्न तेवढा घोळवत बसते. आजचा प्रश्न दुपारी तीनच्या बैठकीत निकाली काढायचाय. आमच्या गेटवेमधल्या ४जी मोडेमची वीज कोणी सांभाळायची? लिनक्स कर्नेलमधल्या ड्रायव्हरने, की कर्नेलच्या बाहेर, युझरस्पेसमध्ये चालणाऱ्या डीमनने?

गेटवे म्हणजे कालव्याच्या काठावर खांबाला ठोकलेली पेटी. आसपासचे पाणीमापक लोरा रेडिओवरून तिला आकडे देतात आणि ती दर पंधरा मिनिटांनी ते ४जीवरून सर्व्हरला पाठवते. वर सोलर पॅनल, आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी, म्हणजे ८४ वॅट-तास. बॅटरी टिकायला हवी असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, उरले ४२. पावसाळ्यात सलग चार दिवस पॅनलकडून काहीच मिळालं नाही असं धरलं, तर ते ९६ तासांना पुरवायचे. सरासरी ०.४४ वॅट. प्रोसेसर, रेडिओ, मोडेम, सगळे मिळून एवढ्यात. मोडेम सतत नेटवर्कला चिकटलेला ठेवणं परवडणार नाही, यावर ऑफिसात एकमत आहे. त्याला झोपवायचं कोणी, इथे दोन तट पडलेत.

सकाळी ९.२०

बेंचवर बोर्ड, पॉवर सप्लाय आणि ऑसिलोस्कोप. मोडेम चालू करणं म्हणजे दिव्याचं बटण दाबणं नव्हे. आधी त्याचा पुरवठा चालू करायचा, व्होल्टेज स्थिर होऊ द्यायचं, मग ‘पॉवर-की’ नावाची एक पिन साधारण अर्धा सेकंद खाली ओढून सोडायची. काही सेकंदांनी ‘स्टेटस’ पिन वर येते आणि त्यानंतर तो यूएसबीवर दिसू लागतो. बंद करताना तर जास्त सांभाळावं लागतं. या जातीच्या मोडेममध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो, त्यावर बहुधा स्वतःचं लिनक्स आणि स्वतःची फ्लॅश मेमरी. फ्लॅशवर लिहिणं चालू असताना वीज तोडली तर आतली फाइल-सिस्टिम खराब होऊ शकते. म्हणून पॉवर-की पुन्हा दाबून विनंती करायची आणि स्टेटस पिन खाली येईपर्यंत थांबायचं. त्याला अर्धा मिनिटसुद्धा लागू शकतो.

सध्या हे सगळं एक शेल स्क्रिप्ट करतं. जीपीआयओ पिना युझरस्पेसमधून हलवतं, मध्ये ‘स्लीप’ घालतं. डेमोपुरतं ते बरं होतं. कालव्यावरच्या पेटीजवळ रीसेट दाबायला कोणी नसतं.

सकाळी १०.३०

टीममध्ये नव्याने आलेला मुलगा शेजारी बसलाय. त्याचा कल डीमनकडे. “मॅडम, पायथनमध्ये दोन दिवसांत होईल. चुकलं तर फक्त डीमन रीस्टार्ट. ड्रायव्हरमध्ये चुकलं तर कर्नेल पॅनिक.” म्हणणं खोटं नाही. मी त्याला म्हटलं, “ठीक आहे, मग तुझा नमुना चालव आणि मोडेम बंद होत असताना मधेच त्याला ‘किल’ कर. मेमरी संपली की कर्नेलचा ओओएम किलर विचारून मारत नाही.”

त्याने केलं. पिना आता जुन्या सिसएफएसऐवजी जीपीआयओच्या कॅरेक्टर डिव्हाइसमधून हाताळायच्या असतात. त्यात पिन धरून ठेवणारी प्रोसेस मेली की पिन कुठल्या अवस्थेत राहील याची हमी नसते. स्कोपवर पॉवर-की मधल्या मधे सुटलेली दिसली. मोडेम बंद झाला की चालूच राहिला, हे आता कोणाच्याच नोंदीत नाही. नव्याने सुरू झालेला डीमन स्टेटस पिन वाचून अंदाज बांधू शकतो, पण मोडेम बंद होण्याच्या वाटेवर असेल तर तीही तेव्हा ‘चालू’च सांगते.

दुसरा पेच वीजपुरवठ्याचा. मोडेम आणि लोरा रेडिओ एकाच बक कन्व्हर्टरवर आहेत. कर्नेलची रेग्युलेटर यंत्रणा अशा सामायिक पुरवठ्याचे वापरकर्ते मोजते. शेवटच्याने सोडल्याशिवाय तो बंद करत नाही. युझरस्पेसमधलं स्क्रिप्ट या मोजणीत नसतंच. त्यामुळे बूटलोडरने चालू करून दिलेला पुरवठा, कर्नेलमधल्या कोणी मागितला नाही म्हणून, बूटनंतर साधारण ३० सेकंदांनी ‘बिनवापराचा’ ठरून बंद होतो. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नेलला दिलेल्या बोर्डाच्या वर्णनात, त्याला ‘कायम चालू’ म्हणून लिहिलं तर ही अडचण जाते, पण मग तो कधीच बंद होत नाही आणि ०.४४ वॅटचा हिशेब कोलमडतो.

सकाळी ११.४५

चहा घेताना त्याने नेमका प्रश्न विचारला. “कॉलेजात तर शिकवलं की यंत्रणा कर्नेलमध्ये आणि धोरण बाहेर. कधी झोपायचं हे धोरणच आहे ना?”

हे सूत्र जुनं आहे आणि उपयोगीही आहे, पण लिनक्सनेच ते पुष्कळदा मोडलंय. प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करण्याचंच बघा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हे काम पॉवरनाउडी, सीपीयूस्पीड असे युझरस्पेसमधले डीमन करत. ठरावीक वेळाने प्रोसेसर किती व्यस्त आहे ते वाचायचे आणि नवा वेग कर्नेलला सांगायचे. पुढे प्रोसेसर इतक्या झटपट वेग बदलू लागले की डीमन जागा होईपर्यंत कामाची लाट येऊन गेलेली असे. २००४ च्या २.६.९ आवृत्तीत ‘ऑनडिमांड’ गव्हर्नर आला आणि हा निर्णय कर्नेलमध्ये गेला. तोही काही काळाने वापर मोजून बघायचाच. २०१६ मध्ये ४.७ आवृत्तीतल्या ‘शेडयुटिल’ने हा निर्णय थेट शेड्यूलरला जोडला, कारण कोणतं काम किती आहे हे सगळ्यात आधी शेड्यूलरलाच कळतं. इंटेलने त्याआधीच, २०१५ च्या स्कायलेकपासून, बरंचसं काम चिपच्याच हातात दिलं होतं. कर्नेल तिथे मर्यादा आणि कल सांगतं, नेमका वेग प्रोसेसर निवडतो.

हे सगळं धोरणच आहे, आणि ते बाहेरून आत, आतून आणखी खाली सरकत गेलं. जिथे माहिती लवकर पोचते आणि जिथून वेळेत कृती होते, तिथे ते गेलं.

“मग सगळंच आत घालायचं?”

“लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय करायचं, हे कर्नेल ठरवतं का?” मी विचारलं. तिथे कर्नेल फक्त झाकण मिटल्याची घटना कळवतं. झोपायचं, स्क्रीन कुलूपबंद करायची की बाहेरचा मॉनिटर लावलाय म्हणून काहीच करायचं नाही, हे सिस्टिमडीचा लॉगइनडी किंवा डेस्कटॉप ठरवतो. माणसाची मर्जी त्यांना ठाऊक असते, आणि तिथे एखाद्या सेकंदाने काही बिघडत नाही.

दुपारी १.१५

डबा. हार्डवेअरचे सर जेवताना कामाचं बोलत नाहीत, पण आज बोलले. “बाई, तुमचा तो तापमानाचा प्रकार काय करतो? तसंच करा की.”

लिनक्सच्या थर्मल यंत्रणेत प्रत्येक सेन्सरला टप्पे लावलेले असतात. मधल्या टप्प्यांवर पंखा वाढवायचा की प्रोसेसरचा वेग उतरवायचा, हे कर्नेलचा गव्हर्नर ठरवू शकतो किंवा थर्मलडीसारखा बाहेरचा डीमन. तिथे निवडीला जागा आहे. शेवटच्या, ‘क्रिटिकल’ टप्प्यावर मात्र कर्नेल आधी युझरस्पेसला रीतसर शटडाउन करायला सांगतं, आणि मुदत ठरवून दिलेली असेल तर ती उलटल्यावर स्वतःच वीज बंद करतं. आधी विनंती, मग मुदत, मग बळ. बाहेरचा प्रोग्रॅम शहाणा असेल तर फायली नीट मिटतात. तो मेला असेल तरी बोर्ड जळत नाही.

सरांचा डबा संपला होता. मी नॅपकिनवर तीन चौकोन काढून ठेवले.

दुपारी २.००

बैठकीआधी तासभर सस्पेंडचा प्रश्न सोडवायला. पूर्ण बोर्ड झोपवायचा तेव्हा कर्नेल आधी युझरस्पेसमधल्या सगळ्या प्रोसेस गोठवतं आणि त्यानंतर उपकरणांना एकेक करून निजवतं. म्हणजे मोडेमची पाळी येते तेव्हा आमचा डीमन गोठलेला असणार. त्याला जे करायचं ते आधीच उरकावं लागेल. लॉगइनडीकडून थोडी सवलत मागता येते, पण ती मुळात ५ सेकंदांची असते, आणि आमच्या मोडेमला बंद व्हायला अर्धा मिनिट लागू शकतो. सेटिंगमध्ये ही मुदत वाढवता येते. तरी मग प्रत्येक सस्पेंड अर्धा मिनिट रखडणार, आणि तेवढा वेळ प्रोसेसर जागा राहून बॅटरी खाणार. ड्रायव्हरने सस्पेंडच्या वाटेवर थांबूनही तोच तोटा. म्हणून त्या वाटेवर मोडेम बंद करायचाच नाही असं मी लिहून टाकलं. डीटीआर या नियंत्रण लाइनने त्याला फक्त झोपू द्यायचं. पूर्ण बंद करण्याचा निर्णय सस्पेंडच्या बराच आधी, सवडीने घ्यायचा.

यातूनच दुसरी भीती निघते. डीमनने “आता झोपा” असं ठरवलं आणि प्रत्यक्ष झोप लागायच्या आधीच्या निमिषात लोरावरून आकडा आला तर? हीच लढाई अँड्रॉइडने मोठ्या प्रमाणावर लढली. गूगलने आपले ‘वेकलॉक’ मुख्य कर्नेलमध्ये घ्यावेत म्हणून २००९ पासून पॅच पाठवले. पुढे त्यांना ‘सस्पेंड ब्लॉकर’ हे नाव मिळालं. वाद इतका वाढला की ते पॅच तसेच्या तसे कधी आत आले नाहीत. राफाएल विसॉत्स्की यांनी वेगळा तोडगा काढला आणि तो २०१० च्या २.६.३६ मध्ये आला. कर्नेल जागं करणाऱ्या घटनांची मोजणी ठेवतं. युझरस्पेस तो आकडा वाचतं, झोपायचं की नाही ते ठरवतं आणि तोच आकडा परत लिहितं. मधल्या वेळात नवी घटना घडली असेल तर आकडा जुळत नाही आणि कर्नेल ते लिहिणं नाकारतं. २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत कर्नेलनेच आपणहून झोपण्याची सोयही आली. तरीही अँड्रॉइड १० पासून झोपेचा निर्णय युझरस्पेसमधल्या एका सेवेकडे आहे आणि ती ही मोजणीच वापरते.

मला हा तोडगा फार आवडतो. झोपायचं कधी हे बाहेर ठरतं. पण बाहेरच्याची माहिती शिळी झाली असेल तर तिच्यावर कृती होऊ द्यायची नाही, एवढं कर्नेल आपल्याकडे ठेवतं. आमच्या लोराच्या इंटरप्टला जागं करणारी घटना म्हणून नोंदवलं की हे संरक्षण आम्हाला आयतं मिळतं.

दुपारी ३.००

बैठक. मॅनेजरांनी सुरुवातच खर्चापासून केली, आणि त्यांचे मुद्दे हलके नव्हते. कालव्यावरच्या पेटीत डीमन बदलायचा तर ४जीवरून छोटं पॅकेज पाठवलं की झालं. कर्नेल बदलायचं तर पूर्ण प्रतिमा पाठवा, दुसऱ्या पार्टिशनवर लिहा, रीबूट करा, बिघडलं तर जुन्यावर परत या. शिवाय कर्नेल जीपीएल परवान्याखाली आहे. आपलं वीज वाचवण्याचं गणित स्पर्धकाला दिसू नये असं वाटत असेल तर ते ड्रायव्हरमध्ये घालता येणार नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्या आपलं बरंचसं गणित युझरस्पेसमधल्या बायनरीत ठेवतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

मी त्यात आणखी एक भर घातली, माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारी. कर्नेलने युझरस्पेसला एकदा दिलेला इंटरफेस मोडायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्सचा कडक दंडक आहे. आज घाईत सिसएफएसमध्ये एक फाइल काढली तर ती जन्मभर सांभाळावी लागते. डीमनच्या कॉन्फिग फाइलला हे ओझं नसतं. धोरण वारंवार बदलणार असेल तर ते बाहेरच ठेवावं, याला एवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

मग फळ्यावर मोडेमची सगळी कामं लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारला: ही गोष्ट करणारा प्रोग्रॅम आत्ता, मधेच मेला, तर काय बिघडेल?

पुरवठा चालू करण्याचा क्रम मधेच तुटला तर मोडेम अधांतरी राहील. बंद होण्याची वाट न बघता वीज गेली तर फ्लॅश खराब होऊ शकेल. सामायिक पुरवठा चुकून बंद झाला तर लोराही जाईल. ही तिन्ही कामं कर्नेलमध्ये. पंधरा मिनिटांऐवजी तासाने जोडायचं का, नेटवर्क कमकुवत असेल तर कितीदा प्रयत्न करायचा, ढगाळ आठवड्यात आकडे साठवून एकदम पाठवायचे का, हे करणारा मेला तर आकडे उशिरा पोचतील. सिस्टिमडी त्याला पुन्हा उभा करेल. ही कामं बाहेर.

मॅनेजर म्हणाले, “म्हणजे शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरसारखं. पाणी कधी सोडायचं ते शेतकरी बघेल, पण मोटार तापली तर ओव्हरलोड रिले त्याला विचारत बसणार नाही.” त्यांच्या घरची शेती आहे. मी मान डोलावली.

वाद अडला तो बॅटरीवर. व्होल्टेज उतरलं की मोडेम कोणी थांबवायचा? डीमन, असं मॅनेजरांचं मत, कारण हवामानाचा अंदाज त्यालाच कळतो. ड्रायव्हर, असं मुलाचं मत. सकाळपासून तो बराच सरकला होता. हार्डवेअरचे सर शांतपणे म्हणाले, शेवटची तोड दोघांकडेही नको. चार्ज कंट्रोलरमध्ये कमी व्होल्टेजला लोड तोडणारं सर्किट आहे, कर्नेल लटकलं तरी ते चालतं. मग एकाचे तीन टप्पे झाले. काटकसर डीमनकडे. त्याच्याखालच्या पातळीला ड्रायव्हर मोडेमला रीतसर बंद करून पुन्हा चालू करायला नकार देईल. आणि अगदी तळाला तांब्याची तोड. मी नॅपकिनवर काढलेले तीन चौकोन हेच होते, फक्त माझ्या तिसऱ्या चौकोनात कर्नेल होतं.

दुपारी ४.३०

ड्रायव्हरचा सांगाडा. चाक नव्याने शोधायचं कारण नाही. २०२४ च्या ६.११ आवृत्तीत ‘पॉवर सिक्वेन्सिंग’ची स्वतंत्र उपप्रणाली आली. क्वालकॉमच्या काही चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असतात, पण दोघांच्या बस वेगळ्या. पुरवठ्याचा क्रम सामायिक असताना तो दोन ड्रायव्हरांपैकी कोणी चालवायचा, हा तिचा मूळ प्रश्न. आमचाही पेच त्याच कुळातला आहे. मोडेम यूएसबीवर दिसतो, पण वीज मिळाल्याशिवाय दिसत नाही. मग जो अजून दिसतच नाही त्याच्या ड्रायव्हरने वीज कशी द्यायची? क्रमाचं वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये जातं, मोजणी उपप्रणाली ठेवते, आणि आमचा कोड बराच आटोपशीर राहतो.

मुलाला मी यूएसबीच्या ऑटोसस्पेंडचं उदाहरण वाचायला दिलं. रिकाम्या यूएसबी उपकरणाला झोपवण्याची क्षमता कर्नेलमध्ये आहे, थांबण्याचा मूळ काळ २ सेकंद. तरी हब सोडले तर बहुतेक उपकरणांना कर्नेल आपणहून झोपवत नाही, कारण बाजारातली पुष्कळ उपकरणं झोपेतून नीट उठत नाहीत. कोणत्या मॉडेलवर विश्वास ठेवायचा याची यादी युझरस्पेसमध्ये राहते आणि तिथून एकेकाला परवानगी मिळते. ही यादी दर महिन्याला बदलली तरी कर्नेलला हात लावावा लागत नाही.

संध्याकाळी ५.४५

परवानग्यांचा तक्ता. बटण कुठे आहे याइतकंच ते दाबायला आणि बघायला कोणाला मुभा आहे हे महत्त्वाचं. इंटेलचे ऊर्जा मोजणारे काउंटर लिनक्सवर पूर्वी साध्या वापरकर्त्यालाही वाचता येत. २०२० मध्ये ‘प्लॅटिपस’ नावाच्या हल्ल्याने दाखवलं की त्या आकड्यांच्या चढउतारातून गुप्त किल्ल्यांचा माग काढता येतो. तेव्हापासून ते फक्त रूटला वाचता येतात. आमच्या पेटीत मोडेम चालू-बंद करण्याचा हक्क एकट्या त्या डीमनच्या खात्याला राहील. आकडे पाठवणारा ॲप्लिकेशन कोड त्याच्याकडे विनंती करेल, पिनांना किंवा ड्रायव्हरच्या फायलींना स्पर्श करणार नाही.

मुलाने सकाळचाच प्रयोग नव्या सांगाड्यावर करून बघितला. बंद होण्याच्या मधल्या क्षणी डीमन मारला. ड्रायव्हरने स्टेटस पिन खाली येईपर्यंत वाट बघितली आणि मगच पुरवठा सोडला. लोरा चालू होता.

संध्याकाळी ६.५०

निर्णयाचं टिपण एका पानात लिहून सगळ्यांना पाठवलं: काय आत, काय बाहेर, काय तांब्यात, आणि प्रत्येकाचं कारण. ‘प्रयत्न किती वेळाने पुन्हा करायचे’ हा भाग मुलाच्या नावावर टाकलाय, डीमनमध्ये, पायथनमध्ये, त्याला हवा तसा.

शेवटी एक कलम मुद्दाम घातलं: हा निर्णय कधी रद्द होईल. ३जीपीपी या मोबाइल मानकांच्या रिलीज १२ पासून ‘पॉवर सेव्हिंग मोड’ आहे. त्यात मोडेम नेटवर्कशी बोलून स्वतःच्या झोपेचे टायमर ठरवतो आणि नोंदणी न मोडता गाढ झोपतो. पुढच्या बोर्डावर तसा मोडेम आला आणि कालव्यावरच्या टॉवरने त्याला साथ दिली, तर पुरवठा तोडायची गरजच पडणार नाही, आणि आज आम्ही कर्नेलमध्ये घातलेलं बरंचसं काम मोडेमच्या फर्मवेअरकडे जाईल. तेव्हा ड्रायव्हरमधला तो कोड काढून टाकावा आणि फळ्यावरचा प्रश्न फर्मवेअरला विचारावा: तू मधेच लटकलास, तर तुला उठवणार कोण? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुरवठा तोडणारी पिन बोर्डावर ठेवा, एवढी ओळ मी हार्डवेअरच्या सरांसाठी ठळक अक्षरांत टाकली.